दीनचे उपवास

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, इंग्लंडच्या एका व्यावसायिक फुटबॉलपटूची कारकीर्द मेलबर्नच्या पॉइंट कुक या उपनगरातल्या एका स्वयंपाकघरात कशी धोक्यात आली, याची अधिकृत चौकशी आजतागायत झालेली नाही. त्याच्या क्लबाने ती केली नाही आणि दोन्ही देशांच्या सरकारांनीही केली नाही, कारण त्या काळात सरकारांना महामारीची कामं होती. प्रत्यक्ष साक्षीदार होते माझे आईबाबा आणि आत्या. आरोपी मी. तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आता माझी मुलगी सतरा वर्षांची आहे आणि परवा तिने माझा एक निरोप तिच्या बापाला असा काही कापून-छाटून सांगितला, की मला एकदम ते सगळं घर आठवलं. म्हटलं, पोरीला रागवण्याआधी आपला कबुलीजबाब लिहून टाकावा.

त्या हिवाळ्यात, म्हणजे मेलबर्नच्या जून ते ऑगस्टमध्ये, आम्हाला व्यायामासाठी दिवसातून एक तास बाहेर पडायची परवानगी होती, तीही घरापासून पाच किलोमीटरच्या आत. आमच्या घरापासून पाच किलोमीटरच्या आत काय होतं? आमच्यासारखीच घरं. वसाहत इतकी नवी, की फुटपाथवरच्या झाडांना अजून काठ्या बांधलेल्या होत्या आणि समुद्रावरून वारा आला की झाडांपेक्षा काठ्याच जास्त हलायच्या. घरात मात्र गर्दी. बाबा आयटीत. त्यांनी डायनिंग टेबल बळकावलं होतं आणि सकाळी नवापासून ‘कॅन यू हिअर मी?’ एवढं एकच वाक्य ते वेगवेगळ्या सुरांत म्हणत. आई हॉस्पिटलच्या फार्मसीत. ती संध्याकाळी आली की मागच्या दाराने थेट लॉण्ड्रीत, म्हणजे कपडे धुवायच्या खोलीत, शिरायची आणि आंघोळ होईपर्यंत तिथूनच ओरडून घर चालवायची. मी बारावीला. शांत जागा एकच उरली होती, म्हणून कपड्यांच्या कपाटात खुर्ची टाकून आईच्या साड्यांच्या साक्षीने ऑनलाइन बायॉलॉजी शिकत होते. आणि स्वयंपाकघरात आत्या.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. पुण्याहून तीन महिन्यांसाठी आली आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकली. ‘कधीही फ्लाइट लागेल’ या आशेवर तिने मार्चमध्येच बॅग भरून ठेवली होती. ती बॅग तिने आमच्या बाथरूममधल्या वजनकाट्यावर उभी केली, काटा बॅगेसकट हॉलच्या कोपऱ्यात आणला आणि तिथे एक नवीन देवस्थान झालं. जाता-येता आकडा बघायचा. तीस किलो. एखादी साडी धुवायला काढली तर एकोणतीस पॉइंट सहा. ‘बॅग हलवायची नाही’ असा हुकूम होता. ‘हलवली की फ्लाइट लागत नाही.’ आई म्हणाली, ‘ताई, न हलवतासुद्धा लागत नाहीये.’ त्यावर आत्या दोन दिवस आईशी फक्त माझ्यामार्फत बोलत होती.

आणि या सगळ्यात पुढच्या खोलीत इंग्रज.

त्याचं नाव डीन. आमच्या पश्चिम मेलबर्नमधल्या एका छोट्या क्लबाने त्याला इंग्लंडमधून लेफ्ट-बॅक म्हणून आणलं होतं आणि त्याला राहायला खोली हवी होती. बाबा कॉलेजात असताना एकदा फुटबॉल खेळले होते. एकदाच, पण त्या एकदाच्या जोरावर ते आजन्म फुटबॉलमधले जाणकार होते. ‘इंग्लंडचा प्रोफेशनल प्लेअर आपल्याकडे राहायला येतोय’ हे त्यांनी मेलबर्नमधल्या इतक्या मराठी घरांत सांगितलं, की तो यायच्या आधीच पार सिडनीच्या ब्लॅकटाउनहून त्यांच्या मित्राचा ‘सही मिळेल का’ म्हणून फोन आला. मग बाबांनी इंटरनेटवर त्याचा खेळ शोधला. चौदा सेकंदांची एक क्लिप मिळाली. तिच्यात डीन धावत येतो आणि पडतो. बाबा म्हणाले, ‘ते बघ, पडतानासुद्धा बॉलवर नजर आहे.’

डीन बत्तीस वर्षांचा होता, तीसचा सांगत असे. उत्तर इंग्लंडमधल्या एका पावसाळी गावातला, मोठा, तांबूस, लाजरा माणूस. नऊ वर्षांचा असताना मोठ्या क्लबाच्या अकादमीत शिरला आणि अठराव्या वर्षी ‘थँक्यू’ म्हणून त्यांनी त्याला घरी पाठवला. मग खालच्या विभागातले क्लब, त्याच्याही खालचे क्लब आणि मग परदेश. एका थंड देशात मैदान इतकं समुद्राला लागून होतं, की जोरात मारलेला बॉल आणायला होडी ठेवलेली असायची. एका गरम बेटावर सामना दुपारी असायचा आणि हाफटाइमला अर्धी टीम सावलीतून परतच यायची नाही. हे सगळं तो स्वयंपाकघरात स्टुलावर बसून आत्याला सांगायचा. आत्याला इंग्रजी येत नव्हतं आणि त्याला मराठी. ती दाणे सोलत ‘हो का’ म्हणायची आणि तो पुढे सांगायचा. इतकं समंजस संभाषण त्या घरात दुसरं कुठलंही होत नव्हतं. नाव मात्र तिला सोसत नव्हतं. ‘अगं, दीन? आईबापांनी लेकराचं नाव दीन कशाला ठेवावं? दुबळा ठेवायचं राहिलं फक्त.’ आणि ती त्याला दीन म्हणूनच हाक मारायची, अपार करुणेने.

मला दुभाषी म्हणून दिवसातून वीस वेळा साड्यांतून बाहेर काढलं जायचं. मी वैतागलेली असायचे आणि डीनचं इंग्रजी हे काही माझ्या ऑस्ट्रेलियन शाळेतलं इंग्रजी नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्याने साडेपाचला येऊन विचारलं, ‘व्हॉट्स फॉर टी?’ मी आत्याला म्हटलं, ‘चहा मागतोय.’ आत्याने आलं ठेचून चहा दिला. तो प्यायला आणि बसून राहिला. दुसरा दिला, तोही प्यायला. सातला आई आली आणि लॉण्ड्रीतून ओरडली, ‘अगं, त्यांच्याकडे रात्रीच्या जेवणाला टी म्हणतात! त्या माणसाला जेवायला वाढा!’ तोवर बिचाऱ्याच्या पोटात चार कप गेले होते. यावरून मी काही शिकायला हवं होतं. नाही शिकले.

क्लबाचा सीझन बंद पडला होता आणि डीन गॅरेजच्या दारावर बॉल मारत दिवस काढत होता. ठप्प. ठप्प. ठप्प. मी कपाटात पेशीचं विभाजन वाचतेय, आणि ठप्प. बाबा ‘कॅन यू हिअर मी’, आणि ठप्प. मग एका सकाळी आवाज बंद झाला आणि तो पडेल चेहऱ्याने स्वयंपाकघरात आला. मला हाक आली. माझी सराव परीक्षा वीस मिनिटांवर होती. डीन सांगू लागला. क्लबाचा निरोप आला होता. निर्बंध सैल झाले की सराव सुरू करायचा, पण त्याआधी प्रत्येक खेळाडूची तपासणी. अठ्ठ्याहत्तर किलो हे त्याचं खेळायचं वजन, ते हवंच. ज्याचं नसेल त्याचा करार रद्द. त्याचा व्हिसा त्या करारावर होता. आणि या वयात दुसरा क्लब त्याला घेणार नव्हता, म्हणजे घरी परत आणि मेव्हण्याबरोबर बाथरूमच्या फरश्या बसवणं. ‘मला अजून एक सीझन हवाय,’ तो म्हणाला. ‘फक्त एक. शेवट मला मैदानावर करायचाय, सोफ्यावर नाही.’ एवढं बोलून त्याने पोटावर हात ठेवला आणि म्हणाला, ‘आणि मी इथे हाफ अ स्टोन वर आहे.’

आत्या दचकली. ‘स्टोन? अगोबाई, स्टोन झालाय त्याला? तरी म्हटलं चेहरा का उतरलाय! कुळीथ आहेत का गं घरात?’

‘नाही गं आत्या, मुतखडा नाही,’ मी घड्याळाकडे बघत म्हणाले. इंग्रज वजन स्टोनमध्ये मोजतात आणि अर्धा स्टोन म्हणजे तीनेक किलो, हे मलाच धड माहीत नव्हतं. मग त्याचं ते सगळं, व्हिसा, मेव्हणा, फरश्या, किलो, यांचं मी तीन शब्दांत भाषांतर केलं. ‘काम अडलंय त्याचं.’

‘एवढंच ना?’ आत्याच्या जिवात जीव आला. ‘उपवास धर म्हणावं. सोमवार, गुरुवार आणि शनिवार. मी करतेच आहे माझ्या फ्लाइटसाठी. सोबत होईल.’

मी डीनकडे वळले. ‘शी सेज यू शुड फास्ट. थ्री डेज अ वीक. शी डज इट टू.’

डीन आत्याकडे असा काही बघत राहिला, जसं काही समुद्रात गेलेला बॉल तिने चालत जाऊन आणून दिला असावा.

पहिल्या सोमवारी तो खोलीतून बाहेरच आला नाही. पाणी पीत पडून राहिला. दहा वाजता आत्या अस्वस्थ. ‘दीन फराळाला आला नाही? उपाशी आहे की काय?’ उपवासाच्या दिवशी माणूस उपाशी असेल, ही कल्पनाच तिला भयंकर वाटली. मला ताट घेऊन पिटाळलं. साबुदाण्याची खिचडी, वर साजूक तूप, दाण्याचं कूट मोकळ्या हाताने, बटाट्याच्या फोडी, वाटीत दही आणि कडेला एक राजगिऱ्याचा लाडू. डीनने दार उघडलं.

‘बट आय अॅम फास्टिंग,’ तो म्हणाला.

‘धिस इज फास्टिंग,’ मी म्हणाले.

इथे थांबून मला सत्य सांगितलं पाहिजे. त्या क्षणी मला सगळं समजलं होतं. आत्याने देवासाठी सांगितलं, त्याने वजनासाठी ऐकलं आणि मधला पूल मी बांधला होता, तोही मोडका. एक वाक्य पुरलं असतं. पण डीनने तोवर पहिला घास घेतला होता आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. ‘ह्यात भात आहे?’ नाही. ‘ब्रेड? पास्ता? गहू?’ नाही, उपवासाला धान्य चालतच नाही. ‘म्हणजे नो कार्ब्स!’ तो उजळला. ‘हजारो वर्षांचं ज्ञान आहे तुमच्याकडे.’ आदल्या आठवड्यातच मी पिष्टमय पदार्थांवर वीसपैकी अठरा मार्क मिळवले होते. साबुदाणा म्हणजे चावून खायचा स्टार्च. मी म्हटलं, ‘यू आर वेलकम.’

का बोलले नाही? कारण एकट्या आत्यापुरता उपवास असायचा तेव्हा ती वाटीभर खिचडी करायची आणि झाकून ठेवायची. आता सोबतीला एक धिप्पाड उपासकरी मिळाल्यावर तिने कढई बदलली. साबुदाण्याचे वडे आले. रताळ्याचा कीस आला, शिंगाड्याचा शिरा आला, वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी आली. वरीला तांदूळ म्हणतात हे मी डीनपासून लपवलं. मग श्रावण लागला, एकादश्या आणि संकष्ट्या मध्येमध्ये होत्याच, आणि आठवड्यातले बिनउपवासाचे दिवस शोधावे लागू लागले. आजूबाजूच्या दुकानांत टॉयलेट पेपर मिळत नव्हता, पण भारतीय दुकानातला साबुदाणा एक दिवस संपला नाही. मिक्सरमध्ये दाण्याचं कूट फिरायचं, त्यावर बाबांचं ‘कॅन यू हिअर मी’, आणि मी मात्र तक्रार थांबवली होती, कारण माझ्या तोंडात वडा असायचा. डीन आपल्या एका तासात पळायचा, परत आला की घामाघूम बसून तीन वाट्या शिरा खायचा आणि म्हणायचा, ‘इतकं सोपं डाएट मी आयुष्यात केलं नाही.’ आत्याही खूश. ‘किती मनोभावे करतो गं! आपल्या सुध्याला जमेल का?’ सुध्या म्हणजे बाबा.

कुणाच्या लक्षात आलं नाही? नाही. त्या वर्षी सगळं शहर इलॅस्टिकच्या पॅंटमध्ये राहत होतं, आणि इलॅस्टिकइतकं खोटारडं काही नाही. आईला एकदा शंका आली होती. ती म्हणाली, ‘हा माणूस दारातून तिरका का जातो?’ पण तेवढ्यात तिला हॉस्पिटलमधून फोन आला आणि ते राहिलं. आणि वजनकाट्यावर बॅग होती.

मग क्लबाचा फोन आला. तपासणी शनिवारी सकाळी अकराला, व्हिडिओवर, सगळ्या टीमसमोर. आम्हा सर्वांना प्रेक्षक म्हणून बोलावलं गेलं, कारण डीनला अभिमान होता. बाबांनी दाढी केली. लॅपटॉपवर वीस चौकटी, वीस दणकट माणसं आणि मधल्या चौकटीत कोच, जाड भुवयांचा आणि उभ्या आयुष्यात न हसलेला. डीनची पाळी आली. त्याने घसा खाकरून सांगितलं, की तो गेले नऊ आठवडे, आठवड्यातून कमीत कमी तीन दिवस कडक उपवास करतोय. कोचच्या भुवया वर गेल्या. ‘ऐका सगळ्यांनी,’ तो बाकीच्यांना म्हणाला. ‘धिस इज अ प्रोफेशनल.’

बाबा बॅग उचलायला गेले. आत्या आडवी आली. ‘सुध्या, हलवू नकोस म्हटलं ना!’

‘ताई, त्याच्या आयुष्याचा प्रश्न आहे.’

‘आणि माझ्या नाही?’

‘दोनच मिनिटं, ताई.’

बॅग उतरली. डीन काट्यावर चढला. बाबांनी लॅपटॉप खाली धरला, म्हणजे कोचला आकडा दिसावा. अठ्ठ्याऐंशी.

बाबा म्हणाले, ‘काटा बिघडलाय. सहा महिने बॅग बसलीये त्याच्यावर.’ डीन उतरला, बाबांनी बॅग परत ठेवली. तीस किलो, अगदी बरोबर. काट्यावरचा शेवटचा आरोपही गेला. डीन पुन्हा चढला, या वेळी बूट काढून आणि श्वास रोखून. सत्याऐंशी पॉइंट नऊ.

कोचने विचारलं, ‘उपवासाला खातोस काय?’

डीनने आत्याकडे बघितलं. आत्याला प्रश्न कळला नव्हता, पण सगळे तिच्याकडे बघतायत म्हटल्यावर तिला वाटलं, स्वयंपाकाचं कौतुक होतंय. शनिवारच होता, ताट तयार होतं. ते तिने दोन्ही हातांनी कॅमेऱ्यासमोर धरलं. एकेक पदार्थ बोटाने दाखवत होती, आणि भाषांतर कोण करणार? मी. बटाटा. साबुदाणा, म्हणजे टॅपिओका. शेंगदाणे. तूप. साखर. पुन्हा बटाटा, तळलेला. पहिल्यांदाच मी एक शब्दही गाळला नाही, आणि प्रत्येक शब्दाबरोबर डीनचा चेहरा उतरत होता. कोपऱ्यातल्या चौकटीत त्यांचा पंजाबी गोलकीपर हसून हसून खुर्चीवरून खाली गेला. दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता, ‘भाई, व्रत का खाना! मेरी मम्मी भी यही बनाती है!’ मग वीसच्या वीस चौकटी हसायला लागल्या.

डीन हसला नाही. तो काट्यावर तसाच उभा होता, मोज्यांवर, आणि आकड्याकडे बघत होता. एकदम हळू आवाजात म्हणाला, ‘दॅट्स मी डन, देन.’ म्हणजे, संपलं माझं. मी त्या माणसाची पडतानाची क्लिप शंभर वेळा बघितली होती आणि दर वेळी हसले होते. त्या दिवशी तो पडला नाही, उभाच होता, आणि मला बघवेना.

पुढचं इथेच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. कोचने त्याला पाच आठवडे दिले. कीव म्हणून नाही. त्याचं म्हणणं, नऊ आठवडे जो माणूस सांगितलेलं इतकं इमानाने करतो, त्याला योग्य गोष्ट सांगितली तर तो काय करेल ते बघू. डीनने पाच आठवडे केलं. पळताना कधीकधी बरोबर मीही असायचे, प्रायश्चित्त म्हणून, शंभर मीटर मागे. एक किलो जास्त भरला, तो कोचने पाहिला नाही. हवा होता तो सीझन त्याला मिळाला. बहुतेक बाकावर बसूनच, पण मैदानाच्या कडेला. एक गोल केला, तो आपल्याच गोलात. बाबा म्हणाले, ‘पण काय हेडर होता!’ नंतर तो घरी गेला आणि फरश्या बसवू लागला. मुलाचं नाव ठेवताना त्याने मला विचारलं होतं, मराठीत याचा भलताच काही अर्थ तर होत नाही ना.

पण त्या शनिवारी यातलं काही माहीत नव्हतं. लॅपटॉप बंद झाला होता, डीन सोफ्यावर डोकं धरून बसला होता आणि आई लॉण्ड्रीतून न ओरडता चक्क समोर उभी राहून मला विचारत होती, ‘मुक्ता, तू त्याला नक्की काय सांगितलं होतंस?’ मी सगळं सांगितलं. आधी डीनला इंग्रजीत. त्याने मान वर करून माझ्याकडे इतका वेळ बघितलं, की मला पळून जावंसं वाटलं, पण पाच किलोमीटरच्या आत पळणार कुठे? मग आत्याला मराठीत सांगितलं, न कापता, न छाटता. करार, व्हिसा, मेव्हणा, फरश्या. अठ्ठ्याहत्तर किलो. आणि हे सगळे उपवास त्याने महादेवासाठी, दत्तासाठी किंवा मारुतीसाठी केले नव्हते, बारीक व्हायला केले होते.

आत्या ताट हातात धरून ऐकत होती. तिला आधी काही कळेना. मग कळलं. तिने डीनकडे बघितलं, ताटाकडे बघितलं, पुन्हा डीनकडे बघितलं आणि खराखुरा संताप येऊन ओरडली, ‘वजन उतरवायचं होतं मेल्याला? मग उपवास कशाला करत बसला? जेवायचं ना!’